दोन स्ट्रोक, चार स्ट्रोक आणि पचमढी

पचमढीला लोक हवा खायला जातात, आम्ही इंजिन पाहायला गेलो. परत आल्यापासून मोहल्ल्यात जो तो विचारतो, धबधबे कसे आहेत, महादेवाची गुहा पाहिली का. धबधबे आहेत, गुहाही आहे, आतलं पाणी थंडगार आहे. पण खरं सांगायचं तर त्या पाच दिवसांत माझे डोळे डोंगरावर कमी आणि सायलेन्सरच्या धुरावर जास्त होते. तेव्हा निव्वळ निसर्गवर्णन ज्यांना हवं असेल त्यांनी इथूनच परत फिरावं, मी रागावणार नाही.

झालं असं, की आम्हाला एक फटफटी घ्यायची होती. एकच, पण सतरा कामांची. तिनं मला रोज हिंगण्याच्या कारखान्यात न्यावं, पावसाळ्यात उमरेडकडच्या शेतापर्यंत चिखल तुडवत जावं, इतवारीच्या बाजारातून पोत्याएवढा तांदळाचा कट्टा आणावा, आणि मुख्य म्हणजे कुसुमला नोकरीवर पोचवावं. कुसुम माझी बायको. लग्नानंतर नर्सचा कोर्स करून ती तीन वर्षं एका कागदाची वाट पाहत होती. तो कागद दिवाळीनंतर आला. नेमणूक डोंगरगावच्या दवाखान्यात. हिंगणा रोडवरून फुटून आत जायचं, आणि शेवटचा तेरा-चौदा किलोमीटरचा रस्ता असा, की तिथं एसटी फिरकत नाही. तिच्याआधी दोघी जणींनी याच कारणानं ती जागा नाकारली होती. सोमवारी सकाळी हजर व्हायचं, नाहीतर जागा चौथीला जाणार. कुसुमनं तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून पर्समध्ये ठेवला होता, आणि दिवसातून एकदा तरी ती तो काढून पाहायची.

"फटफटी आली की मी सोडून देत जाईन तुला," मी ऐटीत सांगून टाकलं होतं. ती फक्त "हं" म्हणाली होती. त्या "हं"चा अर्थ मला पाच दिवसांनी कळला.

आता फटफटी कोणती? दोन स्ट्रोकची की चार स्ट्रोकची? या प्रश्नावर आमच्या गल्लीत दोन तट पडले होते. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोन स्ट्रोकचं इंजिन हलकं, चपळ, आत सुटे भाग कमी. पण पेट्रोलमध्ये दर वेळी मोजून तेल मिसळावं लागतं, धूर करतं आणि पेट्रोल जरा जास्तच पितं. चार स्ट्रोकचं इंजिन वजनदार, कमी पितं, दोन माणसं घेऊन चढ चढताना कुरकुर करत नाही, त्याचं तेल त्याच्या पोटात वेगळं असतं. पण त्याला सुरू करायचं तर त्याची मनधरणी करावी लागते. दोन्हीकडं गुण, दोन्हीकडं खोड्या. आणि मी असा माणूस, की वांगी घ्यायला गेलो तर अख्खी टोपली उलटीपालटी करून शेवटी भेंडी घेऊन घरी येतो.

शेवटी मी मोमिनपुऱ्यातल्या आमच्या म्हाताऱ्या मेकॅनिक उस्तादांकडं गेलो. ते कार्बोरेटर धूत बसले होते. माझा अर्ध्या तासाचा प्रश्न त्यांनी मान खाली घालून ऐकला आणि म्हणाले, "बाबू, पहले ये बोलो, गाडी चलाएगा कौन?"

"मी चालवणार. दुसरं कोण?"

"तो फिर दोनों चला के देख लो," एवढं बोलून ते परत कार्बोरेटरकडं वळले. मला वाटलं, म्हातारा टाळतोय.

पण सल्ला मी मानला. माझ्या कारखान्यातल्या गुलाबरावाची लाल रंगाची दोन स्ट्रोक विकायला होती. माझा साळा बंडू, म्हणजे कुसुमचा धाकटा भाऊ, चार स्ट्रोकचा कट्टर भक्त. त्याच्याकडं काळी, भारदस्त फटफटी होती, आणि तसलीच एक त्याच्या मित्राकडं विकायला होती. ठरलं असं, की दोन्ही गाड्या घेऊन पाच दिवस पचमढीला जायचं, रोज आलटून पालटून चालवायच्या आणि रविवारी घरी येऊन निर्णय द्यायचा. काळीला बंडू "शेठ" म्हणायचा, कारण नीट मान दिल्याशिवाय ती जागची उठत नसे. मग लाल गाडीचं नाव "लाली" पडायला वेळ लागला नाही.

नागपूर ते छिंदवाडा

बुधवारी निघताना पहिलं भांडण सामानावरून झालं. कुसुमच्या पिशवीत तिच्या आईचं नऊवारी लुगडं निघालं.

"हे कायला? तिथं काय हळदीकुंकू आहे?"

"थंडी वाजली तर पांघरीन. तुमाले काय करा लागते?"

शिवाय एक औषधाची बाटली. सरकारी दवाखान्यात मिक्श्चर देतात ना, कडेला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवलेली, एका खाचेला एक डोस, तसली. फरक इतकाच की आत औषध नव्हतं, लालीचं तेल होतं. मी आदल्या दिवशी चहाच्या कपानं अंदाजे तेल ओतताना तिनं पाहिलं होतं आणि तिच्यातली नर्स कासावीस झाली होती. "अंदाजानं कोणाले औषध देतात का?" म्हणत तिनं रात्रीतून पट्टी कातरली. एक लिटर पेट्रोलला एक खाच.

पहिल्या दिवशी लाली माझ्याकडं आणि कुसुम माझ्या मागं. कोराडी मागं पडली, थंड वारा अंगाला झोंबायला लागला आणि मला एकदम लग्नाच्या आधीचं वय झाल्यासारखं वाटलं. काय पळते हो लाली! मूठ पिळली की उडीच मारते. मागून बंडूचा शेठ धक् धक् धक् करत निवांत येत होता. मी पुढं जायचो, तो सावनेरच्या चढावर मला गाठायचा आणि हात हलवून पुढं जायचा. सावनेरला तर्री-पोहे खाल्ले. तर्री इतकी झणझणीत, की बंडूच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तो म्हणाला, "हा तुमच्या लालीचा धूर आहे."

सौंसरला मध्य प्रदेश लागतो. पाट्या हिंदी झाल्या, पण बाया संत्र्याच्या ढिगाऱ्याशी बसून आपल्यासारख्याच भांडत होत्या. एका बाईनं कुसुमला खाली उतरताना पाहिलं आणि विचारलं, "का वं बाई, मांगं बसून कंबर नाई गेली?"

"गेली ना!" कुसुम म्हणाली. "पर पुढं बसणाऱ्याले कोण सांगते?"

दोघी खळखळून हसल्या. बाईनं चार संत्री फुकट दिली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की पाचही दिवस मागं बसणारी आमच्यात ती एकटीच आहे, आणि तिला कोणी एका शब्दानं विचारलेलं नाही. पण लगेच घाट लागला आणि मी ते विसरलो.

सिलेवानीच्या घाटात शेठ जिंकला. मला लालीचा गिअर सारखा खाली टाकावा लागत होता. बंडू एकाच गिअरमध्ये, एका हातानं संत्रं सोलत वर गेला. वर रेल्वे फाटक बंद होतं. छोट्या रुळांवरून वाफेची गाडी हुश्श हुश्श करत, माणसाच्या चालीनं गेली. बंडूनं हात जोडले. "भाऊजी, हे इंजिन घ्या. स्ट्रोकची भानगडच नाही. कोळसा टाका अन् झोपा."

त्या फाटकापाशी कुसुमनं पहिल्यांदा लालीच्या किकवर पाय ठेवला. नुसता ठेवून, दाबून पाहिला. मी म्हटलं, गंमत करतेय.

तामिया

छिंदवाड्याच्या नाष्ट्यानं माझं डोकं फिरलं. पोह्यावर तर्री नाही! वर शेव, आणि बशीत शेजारी जिलेबी! "पोह्यासोबत गोड? हे काय सणाचं ताट आहे का?" मी दुकानदाराला विचारणार होतो, तेवढ्यात कुसुमनं माझी जिलेबीही उचलली आणि मिटक्या मारत संपवली. म्हणून सांगतो, तिकडं गेलात तर वाद घालू नका, आधी जिलेबी खा.

आज गाड्यांची अदलाबदल होती. शेठ माझ्याकडं, लाली बंडूकडं. शेठला उठवायचं म्हणजे पूजा असते. डाव्या मुठीशी एक छोटा खटका आहे, तो दाबून किक हळूहळू खाली न्यायची, हँडलवरचा काटा मधोमध आला की खटका सोडायचा, किक वर घ्यायची आणि मग पूर्ण अंगाचा भार टाकून मारायची. यातली एक पायरी चुकली तर शेठ उलटी लाथ मारतो, असं बंडूनं तीनदा बजावलं. मी सगळ्या पायऱ्या केल्या. शेठ उठला. काय ती बैठक! रस्ता पोटाखालून सरकतोय आणि आपण पाटावर बसलोय. मनात म्हटलं, ठरलं. चार स्ट्रोकच घ्यायची.

परासियाला कोळशाच्या खाणी आहेत. तिथं बंडू पेट्रोल भरायला थांबला, आम्ही पुढं निघालो. दूर साल-सागाची झाडं दाटत गेली, तामियाच्या अलीकडं चढ सुरू झाला आणि मागून लालीचा आवाजच येईना. मी थांबलो. वळून परत गेलो. वळणावर बंडू लालीच्या शेजारी उकिडवा बसला होता, चेहरा पडलेला. इंजिनातून जळका वास येत होता.

"काही नाही केलं भाऊजी, चालता चालता जागच्या जागी जाम झाली. दोन स्ट्रोकचं असंच असते. मी सांगत नव्हतो?"

मी भडकलो. गुलाबरावाची गाडी, विकाऊ गाडी! मीही दोन स्ट्रोकला शिव्या घातल्या, बंडूला घातल्या, परासियाच्या पेट्रोलमध्ये भेसळ असणार असंही जाहीर करून टाकलं. आम्ही दोघं असे ओरडत असताना कुसुमनं शांतपणे लालीच्या हँडलला अडकवलेली बाटली काढली आणि उन्हात धरली.

"बंड्या, सकाळी तेल पाचव्या खाचेवर होतं. आताही पाचव्याच खाचेवर आहे. पेट्रोल भरलं, त्याच्यात तेल कोणी घातलं?"

बंडूनं टाकीचं झाकण उघडून आत वास घेतला. पाच वर्षं शेठ चालवलेला माणूस! शेठला पेट्रोलमध्ये काही मिसळावं लागत नाही. त्यानं टाकी भरली, झाकण लावलं आणि निघाला. लालीचा बिचारीचा काही दोष नव्हता.

"अरे बाप्पा," तो कपाळाला हात लावून म्हणाला. "हे भाऊजीले आधी सुचलं नाही, म्हणून वाचलो."

इतक्यात खालच्या शेतातून एक गोंड म्हातारे आजोबा वर आले. हातात पितळी लोटा. त्यांनी इंजिनावरून हात फिरवला, झटकन मागं घेतला. "गरम हो गई है बाई. पानी डाल दें?"

"नको बाबा!" कुसुमनं लोटाच धरला. "इतना बुखार एकदम नहीं उतारते. धीरे धीरे उतारना." तापलेल्या इंजिनावर थंड पाणी पडलं असतं तर ते तडकलंच असतं. तिला हे इंजिनाचं ज्ञान नव्हतं, तापाचं होतं, आणि ते लागू पडलं.

आजोबांनी आम्हाला घरी नेलं. आपल्याकडं पाहुण्याला आधी गाव विचारतात, मग नातं काढतात, मग चहा. तिथं आधी पानावर कुटकीचा, म्हणजे बारीक भरडधान्याचा, भात आणि वर गरम वरण आलं, गाव नंतर विचारलं. मला मोठ्या दाण्याच्या भाताची सवय, तरी मी दोनदा मागून घेतला. आजोबांना मी विचारलं, यातली कोणती गाडी चांगली? ते हसले. "जो चढ़े भी और उतरे भी।"

दोन तासांनी लाली निवली. बंडूनं प्लग काढून भोकातून दोन थेंब तेल सोडलं, कुसुमनं टाकीत पेट्रोल किती ते विचारून पट्टीच्या खाचा मोजल्या आणि तितकं तेल ओतलं. "आता मी मारू किक?" ती म्हणाली. कोणी हो म्हणायच्या आत तिनं मारलीसुद्धा. पहिली हळू, पिस्टन सुटतोय का पाहायला. दुसरी जोरात. लाली खोकली, निळा धूर सोडला आणि सुरू झाली! आजोबांनी टाळी वाजवली. मी इतका खूश झालो, की रस्त्यातच बंडूला मिठी मारली. मुक्काम तामियालाच केला. तिथल्या कड्यावरून खाली दरी अशी दिसते, की माणूस दोन पावलं मागं सरतो. पण मी सांगितलं ना, निसर्गवर्णन नाही.

पचमढी

शुक्रवारी दुपारी पोचलो. पचमढी वर सपाट आहे. रुंद रस्ते, जुने बंगले, एक भलंमोठं मैदान आणि माणूसकाणूस नाही. महादेव पाहिला, चहा प्यालो, मी खाटेवर आडवा झालो. डोळा लागतोय तोच दारात कोणी बाई उभी. हिरवं लुगडं, मागं कासोटा घट्ट खोचलेला, पदर कमरेला.

"कोण पाहिजे?" मी उठून विचारलं. बंडू हसून हसून भिंतीला टेकला. ती कुसुम होती.

"हसून घ्या," ती म्हणाली. "मंग मैदानात चला. मले लाली शिकवा."

तर लुगडं पांघरायला आणलं नव्हतं! पाचवारी नेसून दोन्ही पाय दोन बाजूला टाकता येत नाहीत, हे तिला नागपुरातच ठाऊक होतं. मला मजा वाटली. पोरीला हौस आहे, करू दे. सायकल तिला शाळेपासून येत होती, तोल होताच. मी क्लच समजावला, ती मान डोलावून सगळं ऐकत होती, आणि क्लच एकदम सोडला. लालीनं उडी मारली आणि दोघी घाणेरीच्या झुडपात. कोपर खरचटलं. मी धावलो.

"लागलं का वं?"

"लागू द्या. गाडी पाहा."

दुसऱ्यांदा बंद पडली. तिसऱ्यांदा चालली. चौथ्या फेरीला तिनं मैदानाला पूर्ण वळसा घातला आणि आमच्यासमोरून जाताना तोंडानं एक आवाज काढला, लहान पोरं झोक्यावर काढतात तसा. तिला इतकी आनंदात मी लग्नातही पाहिली नव्हती. बंडूपासून तोंड लपवायला मी शेठची टाकी पुसत बसलो.

मग ती शेठकडं वळली. खटका दाबला, काटा मधोमध आणला, सगळं पुस्तकासारखं. किकवर दोन्ही पायांनी उभी राहिली. किक अर्ध्यातच थांबली आणि ती वर तशीच उभी.

"हा शेठ मले उभंही करत नाही," ती उतरून म्हणाली. ती हसली, पण शेठकडं परत पाहिलं नाही.

शनिवारी सकाळी कडाक्याची थंडी. मी म्हटलं, पाहा आता तुमच्या शेठला कसा उठवतो. शुक्रवारी दिवसभर माझ्याकडं लाली होती ना! लालीला काय, पाय ठेवला की चालू. त्याच सवयीनं मी शेठवर चढलो, ना खटका दाबला, ना काटा पाहिला, आणि थाटात किक मारली.

शेठनं व्याजासकट परत केली. मी हवेत, मग जमिनीवर. घोटा पाहता पाहता टम्म फुगला. बंडूची चूक शेठच्या सवयीनं, माझी चूक लालीच्या सवयीनं, फिट्टंफाट. कुसुमनं बोटांनी चाचपून हाड मोडलं नाही याची खात्री केली, पट्टी आवळली आणि सांगितलं, "चार दिवस किक नाई."

आता गाड्या दोन, माणसं तीन, आणि चालवणारा एक. नशिबानं छिंदवाड्याला रिकामा जाणारा ट्रक मिळाला. त्यात लालीला झोपवलं, आम्ही दोघं ड्रायव्हरजवळ, मागून बंडू शेठवर. संध्याकाळी छिंदवाड्यात उतरलो.

छिंदवाडा, रविवार सकाळ

बंडू स्टेशनावर जाऊन आला. लालीला छोट्या गाडीच्या पार्सलात टाकायचं तर उद्याच घेतील.

"मग असं करू," मी म्हणालो. "लाली इथं ओळखीत ठेवू. आपण बसनं जाऊ. उद्या तू हजर हो. गाडीचं मागाहून पाहू."

कुसुमनं पर्समधून तो कागद काढला. उघडला नाही, नुसता मांडीवर ठेवला.

"बसनं गेले तर उद्या सही कशाच्या भरवशावर करू?"

"म्हणजे? मी सोडणार आहे ना तुला!"

"तुमची पहिली पाळी असली तर सोडाल. दुसरी पाळी लागली की सकाळी सोडाल, आणाल कोण? तिसऱ्या पाळीत तर तुमी सकाळी झोपून राहाल. अन् दवाखान्यातून चार गावं फिरा लागतात, तिथं काय तुमी माझ्यासंग दिवसभर फिरता? तुमी एवढे दिवस इंजिन इंजिन करून राहिले, तुमच्या पाळ्या तुमीच विसरले." ती रागावली नव्हती. तेच जास्त लागलं. "मले आज पाहायचं आहे. इथून नागपूरपर्यंत लाली माझ्यानं गेली, तर उद्या सही. नाई गेली, तर मी कागद वापस करते अन् पुन्हा नाव नाही काढणार."

तीन वर्षं वाट पाहिलेला कागद तिच्या मांडीवर, आणि मी पाच दिवस दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर शोधत होतो! उस्तादांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, गाडी चालवणार कोण.

बंडू म्हणाला, "ताई, सिलेवानीचा घाट आहे."

"आहे ना. उतार आहे. चढ तर नाही?"

उतारच तर वाईट. शेठ उतारावर स्वतःच्या इंजिनानं स्वतःला आवरतो. लाली सुटली की सुटली, सगळा भार ब्रेकवर. हे मी तिला सांगितलं. तिनं नीट ऐकलं, दुसरा गिअर सोडायचा नाही हे घोकलं, बाटलीतलं तेल खाचा मोजून घातलं, कासोटा खोचला आणि निघाली. लायसनचं विचारू नका.

मी शेठवर बंडूच्या मागं. सपाट रस्ता होता तोवर ठीक. घाट सुरू झाला आणि माझा जीव टांगणीला लागला. पुढं हिरवं लुगडं, निळा धूर, एक वळण, दुसरं वळण. माझा हात बंडूच्या खांद्यात रुतत होता. "भाऊजी, ब्रेक तिकडं आहे, माझ्या खांद्यात नाही," तो ओरडला. तिसऱ्या वळणावर समोरून एसटी. भोंगा वाजवत, अख्खा रस्ता घेऊन. मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा कुसुम डोंगराच्या बाजूला थांबली होती, गाडी बंद, दोन्ही पाय जमिनीला. बस गेली. बसमधली सगळी तोंडं खिडकीबाहेर. आम्ही पोचायच्या आत तिनं उतारावर तोल सांभाळत एकच किक मारली. एकच! लाली चालू. ती मागं न बघता निघाली.

बंडू माझ्याकडं वळला. शेठचा कट्टर भक्त तो. म्हणाला, "भाऊजी, त्या जागी शेठ असता तर ताईचं काही खरं नव्हतं."

सौंसरला ती संत्रेवाली बाई तिथंच होती. तिनं कुसुमला पुढच्या सीटवरून उतरताना पाहिलं आणि हातातलं संत्रंच खाली पडलं. "का वं, पुढं सरकली का?"

"सरकली!"

या वेळी आठ संत्री मिळाली.

इकडं शेठच्या प्रत्येक धक्क्याला माझा घोटा बोंबलत होता. पुढं सपाट सरळ रस्ता. कुसुम म्हणाली, "माझ्या मांगं बसा. लाली कमी हादरते." मी बसलो. जन्मात पहिल्यांदा फटफटीवर मागं बसलो. सांगतो काय असतं ते. पुढचा खड्डा दिसत नाही, तो थेट कंबरेत कळतो. ब्रेक कधी लागेल ते दुसऱ्याच्या हाती. धरायला काही नाही. लग्न झाल्यापासून मी उसन्या सायकलींवर, उसन्या गाड्यांवर या बाईला मागं बसवून हिंडवली, आणि एकदाही विचारलं नाही, बरी बसलीस का.

"कुसुम, हळू जाऊ का म्हणून मी कधी विचारलं का गं तुला?"

"काय म्हणता? वाऱ्यात ऐकू नाई येत."

"काही नाही. बरी चालवून राहिली."

हे मात्र तिला ऐकू गेलं.

नागपूर

उन्हं कलताना आमची गल्ली आली. कोपऱ्यावर तिनं लाली उभी केली, बंद न करता. ओट्यावर गल्लीतली सगळी दोन स्ट्रोक, चार स्ट्रोक मंडळी बसलेली दिसत होती.

"उतरा," ती हळूच म्हणाली. "तुमी पुढं या. दारापर्यंत तुमी चालवा. लोक काय म्हणतील तुमाले."

सव्वाशे किलोमीटर चालवून आलेली बाई, आणि शेवटच्या पन्नास पावलांत तिला माझ्या इभ्रतीची काळजी! माझे डोळे भरून आले, आणि या वेळी मी ते लपवले नाहीत.

"चाल वं," मी म्हणालो. "दुसऱ्या गिअरमध्ये ने. पोरं खेळत असतील."

सोमवारी सकाळी ती माझ्याआधी निघाली होती, वाटेत कुठं तरी तेल भरायला थांबली असावी. मी लंगडत कंपनीच्या बसमध्ये चढलो. हिंगणा रोडवर बस जरा हळू झाली आणि उजव्या बाजूनं एक लाल फटफटी मागून आली. हिरवं लुगडं, पाठीला दवाखान्याची पिशवी, हँडलला पट्टीची बाटली लटकलेली. बस एका बाजूला कलली, सगळे खिडकीला. शिट्ट्या, आरोळ्या. तिनं इकडं पाहिलं नाही, ओठ घट्ट दाबून समोर पाहत होती. तिला उशीर होऊ द्यायचा नव्हता.

"कोणाची गा ती गाडी?" शेजारच्यानं विचारलं. "गुलाबरावाची होती ना? तुम्ही घेणार होते ना?"

"तिची आहे," मी म्हणालो.

निळा धूर विरला तसं पुढं डोंगरगावचा फाटा दिसला. ती वळली. आमची बस सरळ कारखान्याकडं गेली.